दाराखालचा पत्रा

१ फेब्रुवारी

गाडी बघून आलो. घेणार. आता कुणी काहीही म्हणो.

लाल रंग, दोन दारं, टर्बो इंजिन, वय तीसच्या आसपास. मालक दातांचे डॉक्टर, नुकतेच दवाखाना बंद करून घरी बसलेत. गुडघे गेले, क्लच दाबवत नाही, म्हणून विकतायत. गाडीबद्दल बोलताना माणूस इतका हळवा होतो की मला वाटलं, आता हे विकायचंच रद्द करतात.

मी आयुष्यभर बस चालवली, तीही घाटात. डेपोने इंजिनाला वेगाचं कुलूप घातलेलं. पाय कितीही दाबा, बस आपली म्हशीसारखी रवंथ करत चढणार. आणि मागून असल्या लाल-निळ्या गाड्या यायच्या, वळणावर आतून शिरून भुर्रकन पुढे. तेव्हाच ठरवलं होतं, एकदा तरी हाच घाट, हीच वळणं, आपल्या गाडीने, आपल्याला हवी तशी घ्यायची. निवृत्त होऊनही दोन वर्षं झाली. अजून किती थांबायचं?

भीती एकच, गंजाची. जुन्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण पत्रा आतून सडला की गाडी संपली. भर वेगात वळणावर तीच जागा दगा देते. म्हणून डेपोच्या पद्धतीनं तपासली. आमच्याकडे सकाळी बस बाहेर काढण्याआधी ड्रायव्हर हातोडीने ठोकत एक फेरी मारतो. चाकं, चौकट, पायऱ्या. काय सैल, काय पोकळ, ते आवाज सांगतो. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दाराखालचा पत्रा ठोकत गेलो. दोन्ही बाजूंना ठप्प, ठप्प. एकदम भरीव. जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांच्या गॅरेजात एकच दिवा, तोही आजारी. आत उतरताना पायरी आहे, ती दिसली नाही. तोल गेला तसा डॉक्टरांनी दंड धरला. असली पायरी ठेवायचीच कशाला?

या वहीच्या रेघाही हल्ली फार फिक्या छापतात. हिने जाड टोकाचं पेन आणून दिलंय, त्याने बरं लिहिता येतं.

२ फेब्रुवारी

हिला सांगितलं. (पुढेमागे कुणी वाचलंच तर: ही म्हणजे माझी बायको. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालतं आणि घरातलं बाकी सगळंही तिथूनच चालतं.) वाटलं होतं, आकाशपाताळ एक करेल. मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "घ्या."

"घ्या म्हणजे?"

"घ्या म्हणजे घ्या. पण आतून सडकी नको. मला दाखवल्याशिवाय डॉक्टरांना शब्द द्यायचा नाही."

"तुला काय कळतं गाडीतलं?"

"बघू की." मग धागा दातांनी तोडत म्हणाली, "आणि लायसन्स संपत आलंय ना तुमचं? डोळे तपासून घ्यावे लागतील."

लागतील तर लागतील. नुसती औपचारिकता असते ती. पण ही इतक्या सहज कशी तयार झाली? माझ्या स्कूटरच्या वेळी आठवडाभर अबोला धरला होता. कुठेतरी पाणी मुरतंय.

५ फेब्रुवारी

हिला घेऊन डॉक्टरांकडे. रस्ताभर माझ्या डाव्या हाताला चिकटून चालत होती. हल्ली हिला ही सवयच लागलीय. म्हटलं, अगं, लोक बघतायत. म्हणाली, बघू देत.

गाडीभोवती ती एकदा फिरली आणि दाराशी थांबली. "हा लाल आणि खालच्या पट्टीचा लाल एका ताग्यातला नाही."

"उन्हाने उडतो रंग," मी म्हटलं.

"उन्हाने उडाला तर वरचा आधी उडेल. इथे खालचा वेगळा आहे. थोडा पिवळ्याकडे झुकतोय." डॉक्टरांनी बॅटरी धरली. मी वाकून, चष्मा वर करून, खाली करून बघितलं. लाल ते लाल. आयुष्यभर अस्तराला अस्तर जुळवत बसलेली बाई, तिला सगळीकडे ठिगळंच दिसणार. डॉक्टर रुमालाने आरसा पुसत राहिले.

मग ही सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. स्टिअरिंग धरलं, पाय लांब केले. "पाठीला उशी लागेल," म्हणाली. माझ्या पाठीची काळजी आहे म्हणायची. मग क्लच दाबून बघितला. "याचा क्लच जड आहे ना?"

"वेगवान गाडीचा असतोच," डॉक्टर म्हणाले, "सवय होते."

"होईल," ही म्हणाली. मला हसू आलं. जसा काही क्लच हिलाच दाबायचाय.

९ फेब्रुवारी

ही रोज सकाळी तिच्या धाकट्या बहिणीकडे जाते. थंडी सुरू झाली तेव्हापासून चाललंय. मेव्हणीकडे एवढं काय काम असतं, देव जाणे. येते ती पाय चोळत. डावी पोटरी भरून येते म्हणे. मी म्हटलं, रिक्षा करत जा. खो खो हसली आणि कारण काही सांगेना.

आज माझ्या हातून फुलदाणी फुटली. कुणी आणून टेबलाच्या डाव्या कडेला ठेवली होती कुणास ठाऊक. ही म्हणाली, ती दहा वर्षं तिथेच आहे. यावर थोडी बाचाबाची झाली.

११ फेब्रुवारी

सकाळी मोठीच चूक लक्षात आली. लिहितानाही कान गरम होतायत.

चहाचा डबा खाली ठेवताना चमचा लागला आणि डबा टणकन वाजला. पातळ पत्रा असाच वाजणार. मग घरातले सगळे डबे ठोकून बघितले. ही दारात उभी राहून बघत होती. "बँड काढणार का नवीन?" म्हणाली. खाली जाऊन शेजाऱ्यांच्या गाडीचा दाराखालचा पत्राही ठोकला. त्यांनी खिडकीतून विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, डास होता. तोही टणकन वाजला.

बसचा पत्रा जाड, खाली लोखंडी पट्ट्या, त्यावर लाकडी फळ्या. ती धड असली की ठप्प वाजते. जन्मभर ठप्प म्हणजे चांगलं, हे कानात बसलेलं. पण दोन दारांच्या हलक्या गाडीचा तो भाग आतून पोकळच असतो. तो वाजायलाच हवा. ठप्प वाजला म्हणजे आत कुणीतरी काहीतरी कोंबलंय. नवखा माणूस कदाचित फसला नसता. मी फसलो, कारण मी बसवाला.

आणि हिचं ते ताग्याचं बोलणं. तिला जे उभ्या उभ्या दिसलं ते मला वाकूनही दिसलं नाही. गॅरेजात उजेड कमी होता, हे खरंच आहे. पण तिलाही तेवढाच होता.

सोडून द्यावी गाडी? दुपारभर तोच विचार. नाही. आधी पुरतं शोधणार. काय सडलंय, किती सडलंय, ते कळल्याशिवाय हो नाही आणि नाहीही नाही.

उद्या पुन्हा डॉक्टरांकडे जातो म्हटल्यावर हिने टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक हातात ठेवलं. "खाली पत्रा असेल तिथे चिकटेल," म्हणाली. हे मला सुचायला हवं होतं.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरांना म्हटलं, मला आज गाडीखाली जायचंय. त्यांनी जॅक लावला, खाली ठोकळे दिले, सतरंजी अंथरली. मी पाठीवर सरकत आत गेलो.

चुंबक दाराला टपकन चिकटलं. खाली आणलं, सुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा सुटलं. मागच्या चाकापाशी तर नावालाही धरेना. मग चुंबक खिशात टाकलं आणि बोटांवर आलो. डोळे मिटून घेतले. तिथे अंधारच होता, उघडे ठेवून करायचं काय? बोटाला लगेच कळलं. पत्रा गार लागतो. भरलेली जागा तेवढी गार नसते आणि कडेला जरा उंचवटा येतो. डॉक्टर बॅटरी मारून विचारत होते, कुठे, मला तर काही दिसत नाही. मी त्यांचं बोट धरून कडेवरून फिरवलं.

"डॉक्टर, इथे पत्रा नाही."

"नाहीच," ते शांतपणे म्हणाले. "ते मी भरलंय."

"म्हणजे?"

"कीड लागली होती. सगळी कोरून काढली, साफ केली, पुट्टी भरली, घासून गुळगुळीत केली, वर रंग. उत्तम बसलंय. दर वर्षी तपासतो मी." चेहऱ्यावर चक्क अभिमान.

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि भरलेल्या दाताबद्दल कुणी सांगत फिरतं का?"

माझा पारा चढला होता, पण भांडायचं कुणाशी? माणूस खोटारडा नव्हता, दातांचा डॉक्टर होता. चाळीस वर्षं जे करून लोकांचे दात वाचवले तेच त्याने गाडीला केलं.

"डॉक्टर, पत्रा बाहेरून नाही खाल्ला जात. आत पाणी साठतं, ते आतून खातं. ते पाणी निघून जायला खाली भोकं असतात. तीही भरलीत का?"

"उघडी भोकं कशी ठेवायची?" ते म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगलं असावं, कारण आवाज उतरला. "भरली."

मी स्क्रूड्रायव्हरचं टोक कडेला लावून जरा रेटलं. पुट्टीचा वडीएवढा तुकडा सुटून सतरंजीवर पडला आणि मागोमाग तांबडं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. आत बोट घातलं तर पत्र्याचा भुगा.

डॉक्टर स्टुलावर बसले. "मी तिला जपली होती हो," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. गाडीखालूनच म्हटलं, जपलीतच. माझ्याकडे असती तर एव्हाना भंगारात असती. हे खरं नव्हतं, पण म्हटलं.

मग बाकीचं बघितलं. स्टेपनीचा खड्डा, पायाखालचा पत्रा, पुढच्या काचेचं रबर, शॉकअब्सॉर्बर जिथे वर बसतात त्या जागा, बॅटरीखालचा भाग. सगळीकडे चुंबक चिकटलं, सगळं टणटणीत वाजलं. रोग दोन पट्ट्यांपुरताच आहे. ही गाडी वाचते. वाचवायची. डॉक्टरांना सांगितलं, सडलेलं कापून नवा पत्रा बसवा, माझ्या समोर. मग नेतो.

"कापायचं?" ते म्हणाले.

"काही दात काढावेच लागतात ना?"

त्यांनी तो पुट्टीचा तुकडा उचलून खिशात टाकला. मग "हो" म्हणाले.

१७ फेब्रुवारी

वेल्डरकडे अख्खा दिवस. दाढीवाला, मोजकं बोलणारा माणूस. डाव्या बाजूची पट्टी कापून काढली तर आतून ओला चिखल निघाला. डॉक्टर बाहेर जाऊन उभे राहिले.

मी वेल्डरला बजावलं, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जा. हात आखडू नकोस. तो म्हणाला, हा बघा लागला. कुठे? हा काय, समोर. धूर फार होता. शेवटी त्याने माझं बोट नेऊन कडेवर ठेवलं, तेव्हा पटलं. पाणी निघायची भोकं उघडी ठेवून घेतली, आत गंजरोधक मेण मारून घेतलं.

संध्याकाळी दोन्ही बाजू ठोकल्या. टण्ण. असा आवाज ऐकला की भूक लागते.

२० फेब्रुवारी

डोळ्यांची तपासणी.

अक्षरं वाचली, सगळी नाही, पण बरीचशी. मग एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं. समोर बघत राहा, म्हणाले, कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबा. मी दाबत होतो. मग ठिपके यायचे थांबले. मी वाट बघत बसलो. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. तसं म्हटलंही. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "चालूच आहे."

काचबिंदू आहे. डावीकडचं बरंचसं गेलंय, थोडं उजवीकडचंही. थेंब घातले तर आहे ते टिकेल. गेलं ते परत येणार नाही. लायसन्स मिळणार नाही. आजपासून गाडी चालवायची नाही.

आयुष्यात माझ्या हातून एका माणसाला खरचटलं नाही. बाई म्हणाल्या, नशीबवान आहात. गॅरेजची पायरी, फुलदाणी, वेल्डरचा धूर, सगळं एकदम आठवलं. धूर काही तेवढा नव्हता. घरी येऊन मोरीत पाणी सोडून रडलो. लिहायला लाज कसली?

हिला म्हटलं, डॉक्टरांना सांग, गाडी नको.

"मी नाही सांगणार," ही म्हणाली आणि थेंबांची बाटली वेष्टनातून काढू लागली. मला तिचा फार राग आला.

२२ फेब्रुवारी

काल काही लिहिलं नाही.

आज ही म्हणाली, डॉक्टरांकडे चला, निदान तोंडावर नाही म्हणा. तिथे पोचलो तर डॉक्टर किल्ली घेऊन दारातच. मी बोलायला तोंड उघडणार, तोवर त्यांनी किल्ली हिच्या हातावर ठेवली. ही बसली, पाठीमागे उशी लावली, गाडी सुरू केली आणि रिव्हर्समध्ये गॅरेजातून अलगद बाहेर काढली. ना धक्का, ना घासणं. मी पायरीवर उभा.

"मेव्हणीकडे," मी म्हटलं.

"तिच्या घरासमोरच आहे ड्रायव्हिंग स्कूल," ही म्हणाली. "दुसऱ्या खेपेला पास झाले. पहिल्यांदा चढावर गाडी मागे गेली."

मी भडकलो. भर रस्त्यात. माझ्या डोळ्यांचं इतके दिवस तुला माहीत होतं आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? माझ्या डाव्या हाताला चिकटून चालायचं आणि गप्प राहायचं? डॉक्टर हळूच आत सटकले.

"तीनदा सांगितलं," ती म्हणाली. "डोळे दाखवा म्हटलं. तिन्ही वेळा दिव्याला शिव्या घातल्यात. म्हटलं, बायकोसाठी जात नाहीत, गाडीसाठी तरी जातील."

ती पुढे म्हणाली, "मला काय हौस होती या वयात पोरांच्या रांगेत बसून शिकायची? पण तुम्ही घाट घाट करत होतात. तुम्हाला एकट्याला जाऊ द्यायचं नव्हतं आणि जाऊ नका असंही म्हणायचं नव्हतं. आता बसा."

मी बसलो. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर याआधी शेवटचं कधी बसलो होतो, आठवत नाही. घरापर्यंत पाय मात्र ब्रेक शोधत होता.

गाडी घेतली.

३ मार्च

घाट.

पहाटे निघालो. वाहतूक नव्हती. पायथ्याशी तिने गाडी थांबवली आणि विचारलं, "आता?" तिने हा रस्ता कधी चालवलेला नाही. मला तो पाठ आहे. बस ड्रायव्हरांनी प्रत्येक वळणाला नाव दिलंय. म्हटलं, तू फक्त समोर बघ, पुढचं मी सांगतो.

"उजवीकडे, मोठं, सोडू नकोस, तिसराच ठेव. आता लगेच डावं, याला न्हावी म्हणतात, कड्याला घासून जातं. सरळ. दाब. दाब, अगं."

दाबलं तिने. टर्बोने धरलं आणि पाठ सीटमध्ये रुतली. पुढे जे दिसायला हवं ते येण्याआधी मी सांगत होतो आणि ती गाडी तिथे नेऊन ठेवत होती. दाराखालून कुठे कुरकुर नाही, करकर नाही. गाडी वळणावर अंग चोरत नव्हती. इतक्या वर्षांत माझ्या बसमध्ये माणसं झोपलेली असायची. आज पहिल्यांदा कुणीतरी दर वळणाला "पुढे?" म्हणून विचारत होतं. मला इतका आनंद झाला की आवाज फुटेना, आणि आवाज तर हवाच होता.

"आता सासू. सुरुवातीला गोड वागते, मधेच आवळते. दुसरा टाक, हळू घे."

तिने दुसरा टाकला, वेग पार कमी केला. आम्ही सरळच जात राहिलो.

"अहो," ही म्हणाली, "सासू नाहीये."

"असं कसं? खांबानंतर लगेच."

"डोंगर कापलाय. रस्ता सरळ केलाय, नवा दिसतोय. भिंत बांधलीय बाजूला."

मला काही दिसत नव्हतं. म्हणजे रस्ता दिसत होता, समोरचा, नळीतून दिसावा तसा. कुठे कापलंय, कुठे भिंत, काही नाही. समोर सरळ रस्ता असताना, केवळ मी सांगितलं म्हणून, तिने वेग कमी केला होता. पुढची कितीतरी वळणं तोंडपाठ होती, पण त्यातली किती उरलीत?

"थांबलात का?" ती म्हणाली. "सांगत राहा. नसेल तिथे मी सांगेन."

तसंच वर गेलो. मी सांगत होतो, ती म्हणत होती, आहे, आहे, नाही, आहे. बहुतेक आहेत.

माथ्यावर सपाटी आहे तिथे तिने गाडी बाजूला घेतली. ती हसत होती. मी काच खाली केली. गार वारा आला. माझ्या बाजूला, डावीकडे, दरी असते. चालवत होतो तेव्हा तिकडे बघायची मुभा नव्हती. घाटातल्या ड्रायव्हरने दरी बघायची नसते. म्हटलं होतं, निवृत्त झालो की बघू.

"डावीकडे काय आहे?" मी विचारलं.

असा प्रश्न मी आजवर कुणालाही विचारलेला नव्हता. तिने इंजिन बंद केलं, पट्टा काढला, माझ्या मांडीवर हात टेकून खिडकीपर्यंत वाकली.

"आधी जवळचं सांगते," म्हणाली, "मग लांबचं." आणि सांगू लागली.